पावसाळी रात्री आंबोलीच्या जंगलात

पावसाळ्यात आंबोलीला येणारी बहुतेक माणसं मुख्य धबधब्याखाली भिजतात, गरम कणीस खातात आणि दिवस मावळायच्या आत घाट उतरतात. ज्या आंबोलीसाठी देशभरातले प्राणिशास्त्रज्ञ इथे येतात, ती त्यांना दिसतच नाही. इथले बेडूक, साप, विंचू, पतंग, खेकडे आणि गोगलगायी कामाला लागतात ते रात्री साडेसातनंतर. जाणत्या गाइडबरोबर दोन-अडीच तास हळूहळू चाललं, तर दिवसा शंभर वेळा ओलांडलेल्या वाटेवर कधी न पाहिलेलं जग उघडतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. वाघ-बिबट्या दिसेल या आशेने अशा फेरीला जाऊ नये. ही फेरी लहान जिवांची आहे आणि ती त्यांच्याच चालीने करावी लागते. तेवढ्या वेळात जेमतेम किलोमीटर-दीड किलोमीटर अंतर कापलं जातं, आणि तेच योग्य आहे.

आंबोलीच का

आंबोली सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडी तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर सुमारे 700 मीटर उंचीवर आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग इथे कड्याला अडतात आणि वर्षाकाठी 7000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका बाजूला सदाहरित झाडी, दुसऱ्या बाजूला जांभ्याचे उघडे सडे, मधून वाहणारे ओढे आणि हिरण्यकेशी नदीचा उगम, असा सगळा पसारा काही किलोमीटरच्या आत आहे. ओल, सावली आणि साचलेलं पाणी या उभयचरांच्या तिन्ही गरजा इथे एकाच जागी भागतात.

म्हणूनच विज्ञानाला नव्या असलेल्या प्रजाती इथे सापडत राहिल्या. 2003 मध्ये इथल्या एका देवगांडुळाची नोंद झाली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जे. सी. डॅनियल यांचं नाव त्याला देण्यात आलं. देवगांडूळ हा पाय नसलेला उभयचर आहे. पावसात तो जमिनीवर येतो आणि सापाचं पिल्लू समजून हकनाक मारला जातो. 2009 मध्ये आंबोलीच्या नावाचा एक टोड आणि एक झुडपी बेडूक जगापुढे आला. 2020 मध्ये हिरण्यकेशीच्या मंदिराजवळच्या पाण्यातून एक छोटा मासा नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली.

डोळ्यांना वेळ द्या

फेरीची पहिली पंधरा-वीस मिनिटं लोकांना सर्वांत कंटाळवाणी वाटतात, कारण चांगला गाइड त्या वेळात टॉर्च बंद करून उभं राहायला सांगतो. त्यामागे कारण आहे. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूपेशी रंग आणि बारकावे दाखवतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशी अंधुक उजेडातही काम करतात. मात्र त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य उजेडाने विघटित होतं आणि पुन्हा तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ मिळाला की काळ्याकुट्ट वाटणाऱ्या रानात वाट, ओढ्याचं पाणी आणि झाडांचे आकार वेगळे दिसू लागतात.

एकाने मध्येच मोबाइलचा पांढरा उजेड पाडला की सगळ्यांची ही कमाई क्षणात जाते. लाल उजेडाने दंडपेशींवर फारसा परिणाम होत नाही, म्हणून हेडटॉर्च घेताना त्यात लाल दिवा आहे का ते पाहून घ्यावं. पायाखालची वाट पाहायला तो पुरतो.

आधी कान, मग टॉर्च

अंधारात उभं राहिल्यावर आधी नुसता कल्लोळ ऐकू येतो. पाच-दहा मिनिटांनी त्यातले आवाज सुटे होतात. सतत चाललेली किरकिर रातकिड्यांची. पंख एकमेकांवर घासून नर ती काढतो. झुडपातून येणारी टकटक झुडपी बेडकांची. बोटाच्या पेरापेक्षा फार मोठे नसतात ते, पण गळ्याखालची पिशवी फुगवून एवढा मोठा आवाज काढतात की जवळ उभं राहून बोललेलं ऐकू येऊ नये. ओढ्याच्या दगडांतून येणारा आवाज नाइट फ्रॉगचा. बेडकांचा हा वंश जगात फक्त पश्चिम घाटात आढळतो. त्यातल्या काही जाती जेमतेम दीड सेंटिमीटरच्या आहेत.

ओरडतात ते नर. आवाज ऐकून मादी जोडीदार निवडते. मात्र तो आवाज शिकाऱ्याच्याही कानी पडतो, म्हणून आपली चाहूल लागताच सगळे एकदम गप्प होतात. अशा वेळी पुढे जायची घाई करू नये. दोन-तीन मिनिटं हालचाल न करता उभं राहिलं की एखादा धीट नर सुरुवात करतो आणि बाकीचे त्याच्या मागोमाग. आवाजाची दिशा पक्की झाल्यावरच गाइड टॉर्च लावतो. झाडाझुडपांवर सैरावैरा उजेड फिरवत चालणाऱ्याला त्या जिवांच्या पाठी तेवढ्या दिसतात.

टॉर्च कपाळाशी किंवा डोळ्यांच्या रेषेत धरला तर आणखी एक गोष्ट दिसते. गवतात दवासारखे हिरवट ठिपके चमकतात. जवळ जाऊन पाहिलं की कळतं, ते कोळ्यांचे डोळे आहेत. जाळं न विणता जमिनीवर शिकार करणाऱ्या या कोळ्यांच्या डोळ्यांमागे प्रकाश परतवणारा थर असतो. तसाच थर उदमांजराच्या आणि वाटेवर बसणाऱ्या रातव्याच्या डोळ्यांतही असतो. टॉर्च कमरेपाशी धरला तर यातलं काहीच दिसत नाही, कारण परतलेला उजेड आपल्या डोळ्यांपर्यंत पोचत नाही.

फेसाचं घरटं

आंबोलीच्या रात्रीतलं एकच दृश्य निवडायचं झालं तर मी मलबारी उडत्या बेडकाचं घरटं निवडेन. हा बेडूक पाठीवर कोवळ्या पानासारखा हिरवा असतो आणि त्याच्या बोटांमधले पडदे शेंदरी-लाल असतात. नर लहान, मादी चांगली तळहाताएवढी. उंच फांदीवरून झेप घेताना तो हे पडदे ताणतो आणि तिरकस तरंगत काही मीटर पलीकडे उतरतो. वर्षातला बराच काळ तो उंच झाडांवर असतो. जून-जुलैत पाऊस लागला की डबक्यांवर झुकलेल्या फांद्यांवर उतरतो, आणि तेव्हाच तो आपल्या डोळ्यांच्या पातळीवर येतो.

नर पानावर बसून ओरडतात. मादी येते तेव्हा कधी कधी एकाच वेळी दोन-तीन नर तिला बिलगतात. पाण्यावर लोंबणाऱ्या फांदीची पानं ती निवडते. मग शरीरातून चिकट स्राव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळायला लागते. हे पाय डावे-उजवे, डावे-उजवे असे संथ लयीत चालतात. मध्येच ती थांबते, दम घेते, पुन्हा सुरू करते. बघता बघता पांढऱ्याशुभ्र फेसाचा गोळा तयार होतो आणि त्यात अंडी घातली जातात. पायांनीच आजूबाजूची पानं ओढून ती त्या फेसाला चिकटवते. हे सगळं व्हायला बराच वेळ लागतो. शेवटी मादी इतकी थकलेली असते की तिथून हलायलाही तिला वेळ लागतो.

फेसाचा वरचा थर वाळून कडक होतो, आत ओल टिकते. पाण्यातल्या माशांपासून आणि किड्यांपासून अंडी लांब राहतात. आठवडाभरात पिल्लं तयार होतात. पावसाने फेस विरघळायला लागतो आणि ती एकेक करून खालच्या डबक्यात पडतात. यासाठी डबकं नेमकं फांदीखालीच असावं लागतं. म्हणून कुणी मागच्या अंगणातलं डबकं बुजवलं, वाटेवर येते म्हणून फांदी छाटली, की त्या वर्षीची वीण वाया जाते. आंबोलीत काही घरांच्या आणि हॉटेलांच्या परसातल्या टाक्यांवरही ही घरटी लटकतात, आणि ती जपणारे घरमालकही आहेत.

सड्यावरचा टोड

आंबोली टोड मात्र जंगलात शोधायचा नसतो, तो सड्यावर असतो. अंगठ्याहून थोडा मोठा, तपकिरी, कुशीवर पिवळसर पट्टे. वाघासारख्या या पट्ट्यांवरूनच त्याच्या शास्त्रीय नावात ‘टायगरिना’ आलं. त्याचा सर्वांत जवळचा नातलग कोयनेच्या परिसरात राहतो. आंबोली टोड स्वतः आंबोली आणि तिच्या लगतच्या छोट्या पट्ट्यातच आढळतो. जागतिक यादीत त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्रजातींत होते.

पहिल्या जोरदार सरी पडल्या की जांभ्याच्या खळग्यांत चार बोटं पाणी साठतं. एरवी कुठे असतात ते कळू न देणारे हे टोड त्या रात्रींत मोठ्या संख्येने बाहेर येतात, जोड्या जमतात आणि त्या उथळ पाण्यात अंडी घालतात. सगळा मामला थोड्या दिवसांचा. पाऊस मध्येच ओढ देऊन बसला तर खळगे आटतात आणि पिल्लं मरतात. सड्यावर चालताना प्रत्येक पाऊल टॉर्चच्या उजेडात पाहून टाकायचं ते यासाठी. पाण्याचा खळगा कितीही छोटा असला तरी त्यात पाय घालायचा नाही.

चापडा आणि बाकीचे साप

रात्रीच्या फेरीला येणाऱ्यांना सापाची भीती असते आणि ओढही. आंबोलीत सर्वांत जास्त दिसतो तो मलबारी चापडा. कधी हिरवा, कधी तपकिरी, कधी पिवळसर, एकाच जातीत इतके रंग. डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये एक खळगी असते. तिने त्याला उष्णता जाणवते, त्यामुळे मिट्ट काळोखातही उंदीर त्याला कळतो. बेडूक आणि पाली हेही त्याचं खाद्य. त्याची शिकारीची पद्धत म्हणजे वाट पाहणं. एकाच फांदीवर तो कित्येक दिवस बसून राहतो. त्यामुळे गाइडला काल कुठे होता ते माहीत असतं आणि आज तो बहुधा तिथेच सापडतो.

या शांतपणाचा अर्थ तो गरीब आहे असा नाही. तो विषारी आहे. चाव्याने मृत्यू क्वचितच होतो, पण असह्य वेदना आणि मोठी सूज येते. आपल्याकडे मिळणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनवलेलं आहे. चापड्याच्या विषावर ते काम करत नाही. अंतर राखणं हाच खरा उपाय. पायवाटेलगतच्या फांदीवर हात टेकू नये, दगडावर न बघता बसू नये.

हरणटोळ दिवसाचा साप, रात्री तो फांदीवर वेटोळं करून झोपलेला सापडतो. मांजऱ्या रात्रीचा, त्याची उभी बाहुली टॉर्चच्या उजेडात स्पष्ट दिसते. मण्यारही रात्रीच फिरते आणि तिचा चावा दुखत नाही म्हणून अधिक घातक. साप चावलाच तर चिरा देणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नये. चावलेला भाग स्थिर ठेवून 108 ला फोन करावा आणि तडक रुग्णालय गाठावं.

गाइड कसा निवडावा

फेरी चांगली होणं किंवा बिघडणं हे पाऊस किंवा नशिबापेक्षा गाइडवर अवलंबून असतं, असं माझं ठाम मत आहे. आंबोलीत मलबार नेचर कॉन्झर्व्हेशन क्लबसारख्या संस्थेतून तयार झालेली आणि लहानपणापासून याच रानात वावरलेली स्थानिक माणसं आहेत. ओढ्याचं पाणी कोणत्या सरीनंतर चढतं, कोणाच्या बागेतून जाताना आधी विचारायचं, गवे कोणत्या वाटेने उतरतात, हे त्यांना माहीत असतं. पुण्या-मुंबईहून गट घेऊन येणारे आयोजकही चांगले असू शकतात, पण त्यांच्याबरोबर स्थानिक माणूस आहे की नाही ते विचारा.

पैसे भरण्याआधी आणखी काही विचारावं. गटात किती जण? दहाच्या वर असतील तर नको म्हणा. मागच्यांना काही दिसत नाही आणि पायाखाली काय चिरडलं जातं ते कुणाला कळत नाही. पुढे एक आणि मागे एक असे दोन जाणकार आहेत का? वाट वन विभागाच्या हद्दीतून जात असेल तर परवानगी घेतली आहे का? अभयारण्यांत सूर्यास्तानंतर सहसा प्रवेश नसतो, आणि ‘आमची ओळख आहे’ हे परवानगीचं उत्तर नव्हे. साप ‘हमखास दाखवतो’ किंवा ‘हातात देतो’ असं कुणी म्हटलं तर तिथूनच परत फिरा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून लागू आहे. साप परवानगीशिवाय पकडणं हा त्याखाली गुन्हा आहे.

कॅमेरा आणि हात

बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो आणि पाणी शोषतो. आपल्या हाताला लागलेलं डास पळवायचं मलम किंवा साबण त्याच्या अंगात उतरतो. म्हणून बेडकाला हात लावायचा नाही, ‘फक्त एकदा’सुद्धा नाही. फोटोसाठी बेडूक उचलून सुंदर पानावर ठेवणं, चापड्याची फांदी वाकवणं, डबक्याकाठी झोपून काठ उद्ध्वस्त करणं, हे प्रकार दुर्दैवाने सर्रास चालतात. असा काढलेला फोटो कितीही देखणा असला तरी त्याची किंमत त्या जिवाने मोजलेली असते.

एका जिवाचे दोन-तीन फोटो पुरे. टॉर्च थेट डोळ्यांवर न धरता किंचित बाजूला धरावा. फेसाचं घरटं बांधणाऱ्या मादीवर फ्लॅशचा मारा तर नकोच. ती काम अर्धवट सोडून जाऊ शकते. दुर्मीळ प्राण्याच्या फोटोबरोबर नेमकी जागाही समाजमाध्यमांवर टाकू नये. आठ दिवसांत तिथे गर्दी होते.

सोबत काय घ्यावं

घोट्याच्या वर येणारे गमबूट, फुल पँट, गडद रंगाचा रेनकोट, हेडटॉर्च आणि एक जादा टॉर्च. छत्री नको, ती झुडपात अडकते. जळवा लागतातच. जळू तंबाखू-मिठाने पोळवण्याची गरज नाही; नखाने तिचं तोंड हळूच बाजूला सारलं की सुटते. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. मलम फेरीनंतर लावा.

अतिनील टॉर्च कुणाकडे असला तर विंचू बघण्याची मजा वेगळीच. त्या उजेडात काळा विंचू निळसर-हिरवा झळकतो, कारण त्याच्या बाह्यावरणातली द्रव्यं अतिनील किरण शोषून दृश्य प्रकाश देतात. पण तो उजेड त्याच्यावर फार वेळ धरू नये, आणि माणसाच्या डोळ्यांवर तर कधीच नाही.

आंबोलीबाहेरच्या रात्री

प्रत्येक ऋतूची रात्र वेगळी. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत अकोले तालुक्यात भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडीच्या परिसरात काजवे असतात. नर उडत चमकतो, मादी झुडपातून उत्तर देते. गाड्यांचे दिवे त्यांचा हा संवाद तोडतात. गर्दी इतकी वाढली की वन विभागाला वेळेवर आणि वाहनांवर बंधनं घालावी लागली. तिकडे जायचं तर गाडी लांब ठेवून स्थानिकाबरोबर पायी जावं.

ऐन पावसाळ्यात भीमाशंकरच्या आणि गोव्यातल्या जंगलांत कुजक्या लाकडावरची बुरशी हिरवट उजेड देते. टॉर्च बंद केल्याशिवाय ती दिसत नाही. पतंग पाहायचे तर पांढरा पडदा आणि त्यावर दिवा लावून बसतात. ॲटलास पतंगासारखा थोर पाहुणा त्यावर आला तर तासाभरात दिवा बंद करावा. त्याला प्रौढ वयात खायला तोंडच नसतं, आयुष्य थोड्या दिवसांचं असतं, आणि आपण त्यातली एक रात्र वापरलेली असते.

बुद्धपौर्णिमेला मेळघाट, ताडोबासारख्या ठिकाणी वन विभाग पाणवठ्यांवरच्या मचाणांवर रात्रभर बसू देतो. एकेकाळी याला प्राणिगणना म्हणत. एकच प्राणी दोनदा मोजला जाण्याची शक्यता असल्याने शास्त्रीय मोजणी आता कॅमेरा ट्रॅपने होते, आणि मचाण राहिलं ते निसर्ग अनुभवण्यापुरतं. शांत बसायची तयारी असेल तर तोही फार मोठा अनुभव आहे.

शेवटचा मुद्दा, घाटरस्त्याचा

आंबोलीतल्या बेडकांना सर्वांत मोठा धोका रात्रीच्या फेऱ्यांचा नाही, गाड्यांचा आहे. पहिल्या पावसाच्या रात्री टोड, बेडूक आणि देवगांडुळं विणीसाठी जागा आणि पाणी शोधत डांबरी रस्ता ओलांडतात, आणि सकाळी तिथे चिरडलेल्या देहांचे डाग उरतात. सावंतवाडीहून बेळगाव किंवा कोल्हापूरकडे जाणारी वाहतूक याच घाटातून जाते. ती थांबणार नाही, पण सावकाश जाऊ शकते. जूनच्या पहिल्या जोरदार सरींत रात्री आंबोली घाट चढणार असाल तर गाडीचा वेग निम्मा करा, आणि जमत असेल तर तो प्रवास दुसऱ्या दिवशी सकाळवर ढकला.